मेजर टॉमस कँडी : इंग्रजी शब्द आणि मराठी प्रतिशब्द

मराठी कोशवाङ्मयाच्या इतिहासात मोल्सवर्थ आणि कँडी ही नावे जोडीने घेतली जातात. या जोडनावामुळे कँडी यांचे स्वतंत्र कार्य मात्र काहीसे झाकोळले गेले आहे. टॉमस कँडी (१८०४–१८७७) हे इंग्लंडमधील ईस्ट नॉयल येथील. १८२२ मध्ये ते लष्करी नोकरीसाठी हिंदुस्थानात आले. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कामी टॉमस आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज या दोघांचे साहाय्य होते.

त्यानंतर हाती घेतलेल्या इंग्रजी–मराठी कोशाचे काम सर्वस्वी वेगळ्या स्वरूपाचे होते. मराठी–इंग्रजी कोशात शब्द लोकांच्या तोंडी असतो. तो टिपावयाचा आणि त्याचा अर्थ सांगावयाचा. इंग्रजी–मराठी कोशात मात्र ज्या कल्पनेला मराठी व्यवहारात अद्याप जागाच नाही, तिच्यासाठीही प्रतिशब्द द्यावा लागतो. असा शब्द संस्कृतातून घ्यावा, बोलीतून उचलावा, की अर्थाचे विवरण करून भागवावे, हा निर्णय प्रत्येक नोंदीपाशी करावा लागे. प्रकृती ढासळल्याने मोल्सवर्थ १८३६ मध्ये मायदेशी परतले. मागे राहिलेले काम कँडी यांनी तडीस नेले आणि १८४७ मध्ये कोश प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती १८७३ ची, म्हणजे जवळजवळ आयुष्याच्या अखेरीची.

दरम्यान १८३७ पासून पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती. पुढे सरकारी मराठी भाषांतरकार म्हणून पाठ्यपुस्तकांची भाषा तपासणे आणि कायद्यांचे मराठीकरण करणे ही कामे त्यांच्याकडे आली. कोशकार सुचवितो, भाषांतरकार मात्र ठरवितो. येथे कँडी यांच्या हाती दोन्ही अधिकार एकवटले. पोथ्यांच्या दंडापलीकडे फारशी चिन्हे न जाणणाऱ्या मराठीत त्यांनी १८५० च्या आपल्या पुस्तिकेद्वारे इंग्रजी विरामचिन्हांची पद्धती मांडली. ती आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे परकेपण जाणवतही नाही. वाक्यरचनेच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. १८७४ पासून निघालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजी वळणाच्या मराठीवर जी टीका केली, तिच्यामागे या सरकारी गद्याची पार्श्वभूमी होती. ती टीका रास्तच होती. तथापि स्वतः चिपळूणकरांचे प्रौढ गद्यही याच विरामचिन्हांच्या आधाराने उभे आहे.

या व्यवहाराच्या कक्षेबाहेर राहिलेला प्रदेशही ध्यानात घ्यावा लागतो. वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले ते १८५३ मध्ये, म्हणजे इंग्रजी–मराठी कोश निघाल्यानंतर सहा वर्षांनी. पुण्यात घडलेले प्रमाण गद्य पुढे वऱ्हाडातही शाळेची भाषा झाले. तेल्हाऱ्याच्या वर्गात विद्यार्थ्याच्या वहीतील ‘करून राहिला’ खोडून ‘करीत आहे’ लिहिले जाते, तेव्हा त्या दुरुस्तीचा एक धागा कँडी यांच्या कचेरीपर्यंत पोचतो. कँडी यांचे निधन २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे झाले.