गुन्ह्याचा सूत्रधार

‘सूत्रधार’ या आपल्या शब्दाची मला मोठी गंमत वाटते. एक सूत्रधार रंगभूमीवर प्रेक्षकांशी बोलणारा. दुसरा पोलिसांना हवा असलेला. हे दोन्ही एकाच पात्रात उभे केले ते चार्ल्स बिरो या अमेरिकन चित्रकाराने.

बिरोचा जन्म १९११ सालचा, न्यूयॉर्कचा. चित्रकथांच्या धंद्यात तो तिशीच्या आतच स्थिरावला. १९४२ साली प्रकाशक लेव्ह ग्लीसन यांच्यासाठी त्याने बॉब वुड या सहसंपादकाबरोबर ‘क्राइम डज नॉट पे’ हे कॉमिक काढले. त्यात खऱ्या गुन्हेगारांच्या कहाण्या असत आणि त्या सांगायला येई ‘मिस्टर क्राइम’. भुतासारखा पांढराफटक, सुळे बाहेर आलेले, डोक्यावर उंच हॅट आणि हॅटवर ‘क्राइम’ ही अक्षरे. गोष्टीतल्या माणसांना तो दिसत नसे. चोराच्या कानाशी लागून तो फूस देई आणि शिक्षा जवळ आली की त्याच चोराची टर उडवी.

खप भराभर वाढला. पुढे महिन्याला ६० लाख वाचक असल्याचा दावा मुखपृष्ठावर झळकू लागला. नावात उपदेश होता खरा; पण ‘क्राइम’ हा शब्द भलामोठा आणि उरलेले शब्द बारीक! पालकांची ओरड सुरू झाली. १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता केली. तीत ‘क्राइम’ हा शब्द शीर्षकातल्या इतर शब्दांहून फार मोठा छापायला बंदी आली. १९५५ साली बिरोचे कॉमिक बंद पडले.

नियतीचा खेळ असा, की १९५८ साली बॉब वुडच्याच हातून एका स्त्रीची हत्या झाली आणि तो तुरुंगात गेला. बिरोने चित्रकथा सोडली. १९६२पासून तो एनबीसी दूरचित्रवाणीत चित्रकार म्हणून नोकरी करत राहिला आणि १९७२ साली वारला.

वुडच्या गुन्ह्याचे खापर कॉमिकवर फोडणे मला पटत नाही. लाखो मुलांनी ते वाचले आणि ती सरळमार्गी राहिली. पण बिरोच्या भुताची एक गोष्ट मला विसरता येत नाही. शेवटी शिक्षा होई ती चोराला. फूस लावणारा मात्र पुढच्या अंकात नवे गिऱ्हाईक शोधायला मोकळा! घरात मुलांच्या हाती काय पडते, हे पाहताना गोष्टीच्या शेवटाइतकेच ती कोण सांगतो आहे, याकडेही आपण लक्ष द्यायला हवे.