मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी आकाशात

आपल्या कांजूरमार्गला विमानाचे कोणाला कौतुक राहिले आहे? डोक्यावरून विमान गेले तरी आपण मान वर करत नाही. आज आम्ही तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगणार आहोत. तिच्या काळी विमान दिसले की लोक कामे टाकून बाहेर धावत.

तिचे नाव एमी जॉन्सन. जन्म १ जुलै १९०३, इंग्लंडमधील हल या बंदरात. वडील मासळीचे मोठे व्यापारी. एमी लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करायची आणि पगारातून विमान चालवायला शिकायची. १९२९ साली तिला परवाना मिळाला. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. हात तेलाने काळे करून ती इंजिन दुरुस्तीही शिकली आणि त्याच वर्षी त्या परीक्षेत पास झाली. ते प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री.

मग वडील आणि तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफिल्ड यांच्या मदतीने तिने एक जुने, दोन मजली पंखांचे ‘जिप्सी मॉथ’ विमान घेतले. वडिलांच्या मासळीच्या छापाचे ‘जेसन’ हे नाव तिने विमानाला दिले! ५ मे १९३० रोजी ती एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. बसायची जागा उघडी, रेडिओ नाही. त्याआधीचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडनहून हलला, आपल्या घरी!

बगदादजवळ वाळूच्या वादळाने विमान खाली उतरवले. वारा जेसनला उलटवू बघत होता. एमीने चाकांना सामान लावले आणि वादळ थांबेपर्यंत ती विमानाच्या शेपटीवर बसून राहिली. आम्हाला तिच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा हा प्रसंग जास्त आवडतो.

सहाव्या दिवशी ती कराचीला पोचली. पुढे अलाहाबादपर्यंत पेट्रोल पुरले नाही, म्हणून ती झाशीला, हो, राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीला, सैनिकांच्या कवायतीच्या मैदानावर उतरली. पंखाला मार बसला. तो दुरुस्त करून पुन्हा उड्डाण! रंगूनजवळ विमान खड्ड्यात गेले, तेव्हा तर दुरुस्तीत काही दिवस गेले आणि सर्वांत कमी दिवसांत पोचण्याचा विक्रम हुकला. तरीही २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. सुमारे १८,००० किलोमीटर! इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री ठरली.

दुसऱ्या महायुद्धात ती सैन्याची विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवत असे. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत तिचे विमान थेम्स नदीच्या मुखाजवळ समुद्रात पडले. ती पॅराशूटने उतरली होती. तिला वाचवायला जवळच्या जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी बर्फासारख्या पाण्यात उडी घेतली. एमी सापडली नाही. फ्लेचर यांना बाहेर काढले, पण तेही वाचले नाहीत. एमी तेव्हा ३७ वर्षांची होती.

तिचा हिरवा जेसन लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवला आहे.