दोन दगडांमधला जनरल

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात एक जुनी दफनभूमी आहे. तेथे एका थडग्याच्या उशाशी हवाई बेटांवरचा ज्वालामुखीचा खडक आहे, तर पायथ्याशी विल्यम्सटाउनच्या डोंगरातला दगड. पुतळा नाही, तलवार नाही, स्तुतीचा मजकूरही नाही. येथे विसावले आहेत जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग.

त्यांचा जन्म १८३९ साली हवाईतील माउई बेटावर एका मिशनरी कुटुंबात झाला. वडील पुढे तेथील राज्याचे शिक्षणमंत्री झाले. अक्षरांबरोबर हातांनाही काम शिकवणाऱ्या शाळा सॅम्युएलने लहानपणीच पाहिल्या. विल्यम्सटाउनच्या कॉलेजातून १८६२ मध्ये ते पदवीधर झाले, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. ते उत्तरेच्या सैन्यात शिरले, हार्पर्स फेरीला शत्रूच्या हाती सापडले, सुटले आणि १८६३ मध्ये गेटिसबर्गला लढले. पुढे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे नेतृत्व त्यांनी आपणहून पत्करले. या माणसांचे धैर्य आणि शिकण्याची ओढ त्यांनी जवळून पाहिली.

युद्ध संपले. गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो लोकांच्या हाती स्वातंत्र्य आले. जमीन, पैसा, अक्षरओळख मात्र नव्हती. १८६८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी हॅम्प्टनला शाळा काढली. येथून शिक्षक घडावेत आणि त्यांनी गावोगावी शाळा चालवाव्यात, हा हेतू. मुले शेतात, कारखान्यात राबून शिकत. इमारतीला पैसे हवे होते, तेव्हा विद्यार्थ्यांचे गायक पथक उत्तरेतील शहरांत गात फिरले.

१८७२ मध्ये एक फाटका मुलगा बरीच वाट पायी तुडवत या शाळेच्या दारात उभा राहिला. तो बुकर टी. वॉशिंग्टन. १८८१ मध्ये आर्मस्ट्राँग यांच्याच शिफारशीवरून तो टस्कीगीच्या शाळेचा प्रमुख झाला.

जनरलसाहेबांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. कृष्णवर्णीयांनी आधी हातचे कसब मिळवावे, राजकारण नंतर पाहावे, असे त्यांचे मत होते. हक्कांशिवाय नुसते कसब माणसाला ताठ उभे करत नाही, असा आक्षेप डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यासारख्या विचारवंतांनी या मार्गावर घेतला. १८७८ पासून आदिवासी अमेरिकन मुलेही येथे आणली गेली. स्वतःची भाषा, चालीरीती सोडायला लावणारे ते शिक्षण होते. घरापासून दूर मरण पावलेली त्यातली काही मुले याच दफनभूमीत आहेत.

१८९१ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, तरी शाळेसाठी धडपड चालूच राहिली. ११ मे १८९३ रोजी ते गेले. मागे त्यांची टिपणे सापडली. मला विद्यार्थ्यांमध्येच पुरा, प्रवचन नको, थडग्यावर नाव आणि तारखेखेरीज काही नको, चरित्रही कोणी लिहू नये, अशा त्यांच्या इच्छा होत्या.

चरित्राची इच्छा पाळली गेली नाही. १९०४ मध्ये त्यांच्या मुलीनेच ते लिहिले. पण जागेची इच्छा पाळली गेली. पलटणीचा सेनापती शेवटी आपल्या विद्यार्थ्यांच्या रांगेतच झोपला आहे.