साबणाच्या पाण्यातलं कोडं : जेम्स मॅकबेन



भोर-वेल्ह्याच्या नदीकाठी वाढणाऱ्या मुलांना साबणाचा फेस काही नवा नाही. पण तेलकट डाग नुसत्या पाण्याने का जात नाही, असं कुणी विचारलं तर त्याला जेम्स विल्यम मॅकबेन यांची गोष्ट जरूर सांगा.

त्यांचा जन्म 1882 मध्ये कॅनडात झाला. पुढे ते इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात शिकवू लागले. तिथे त्यांनी साबणाच्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजलं. हिशेब जुळेना! सुटे कण कमी भरत होते, वीज मात्र जास्त वाहत होती. 1913 च्या सुमारास त्यांनी उत्तर मांडलं: साबणाचे कण पाण्यात एकत्र येऊन पुंजके करतात. या पुंजक्यांना मायसेल म्हणतात. सुरुवातीला जाणकारांनीच हे उडवून लावलं. मॅकबेन भांडत बसले नाहीत, मोजत राहिले. 1939 मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं डेव्ही पदक मिळालं.

याचा उपयोग काय? स्टायरीनसारखे व्हिनाइल गटातले द्रव पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते मायसेलच्या पोटात शिरतात. पाण्यातला मुक्त मूलक आत आला की रेणूला रेणू जोडत लांब साखळी तयार होते. हेच बहुवारिक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कृत्रिम रबर असंच साबणाच्या पाण्यात बनलं. नंतर लोहाच्या क्षारांमुळे हे काम 5 अंश सेल्सिअसलाही होऊ लागलं. 1995 मध्ये तांबं आणि रुथेनियम वापरून साखळ्यांची लांबीही ताब्यात आली, आणि पुढे ते पाण्यातही साधलं.

आता आपल्या जवळची गोष्ट. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर, साठी उलटलेले मॅकबेन पुण्यात आले. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. नव्या देशाची नवी प्रयोगशाळा उभी करून ते परतले आणि 1953 मध्ये वारले.

वर्गात दोन वाट्या पाणी घ्या, दोन्हींत तेलाचा थेंब टाका, एकीत साबण घालून ढवळा. मुलांना कारण विचारा. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तरी लगेच फुली मारू नका. कशावरून म्हणतोस, एवढंच विचारा आणि पुन्हा करून बघायला लावा.