फादर हेन्री हेरास : नाण्यांना बोलके करणारे धर्मगुरू

१४ डिसेंबर हा येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांचा स्मृतिदिन. धामापूरच्या तलावाकाठी उभे राहिले की आम्हांस त्यांची आठवण होते. हा तलाव १५३० साली विजयनगरच्या मांडलिकाने बांधविला असे सांगतात. त्याच विजयनगरच्या उत्तरकाळातील अरविडू घराण्याचा इतिहास फादरांनी १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

फादरांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी स्पेनमधील बार्सिलोना येथे झाला. १९२२ साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकविण्यास आले. कोणता इतिहास शिकविणार, असे विचारले असता त्यांनी भारताचा इतिहास निवडला, कारण तोच त्यांना ठाऊक नव्हता, अशी आठवण सांगितली जाते. चारच वर्षांत, १९२६ साली, त्यांनी तेथे संशोधन संस्था स्थापन केली आणि ग्रंथांबरोबर मूर्ती, मुद्रा व नाणी यांचा संग्रह उभा केला. जुन्या वस्तू हाताळल्याविना इतिहासाचा विद्यार्थी घडत नाही, अशी त्यांची धारणा होती.

नाणे साक्ष कसे देते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. तामिळनाडूत व श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकांतील रोमन तांब्या-काशाची नाणी सापडतात. ती नखाएवढी आणि इतकी झिजलेली असतात की सम्राटाचे नाव बहुधा वाचताच येत नाही. अशा वेळी मागील बाजू पाहावी. दोन सैनिकांमध्ये दोन ध्वज असतील तर नाणे साधारण ३३० नंतरचे, म्हणजे कॉन्स्टंटाईनच्या अखेरच्या वर्षांतील. एकच ध्वज असेल तर साधारण ३३५ नंतरचे. घोडेस्वारास भाला मारणारा सैनिक दिसला तर ते ३४८ नंतरचे. पायथ्याशी टांकसाळीची अक्षरे उरली असल्यास गावही कळते. म्हणून घरात जुने नाणे सापडल्यास ते चिंचेने घासून लखलखीत करू नये. त्या चकाकीबरोबर उरलासुरला पुरावाही निघून जातो.

१९२९ साली फादरांनी गोव्यातील चांदोर येथे उत्खनन केले. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराईस यांनी १९३१ साली कदंब घराण्याचा इतिहास लिहिला. आंजेलो द फोन्सेका यांनी येशू व मारिया यांना भारतीय वेषात रंगविले, तेव्हा अनेकांचा रोष ओढवला. फादर मात्र त्यांच्या पाठीशी राहिले. मोहेंजोदडोच्या मुद्रांवरील लिपी आपण वाचली असे त्यांनी १९५३ च्या ग्रंथात मांडले, परंतु ते वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही आणि ती लिपी अद्याप अबोलच आहे. एवढा सावध संशोधक येथे घाईत गेला, असे आमचे नम्र मत आहे.

१४ डिसेंबर १९५५ रोजी ते मुंबईत प्रभुचरणी विलीन झाले. पुढे संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि १९८१ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.