आपल्या ‘वीरधवल’चे नाथमाधव
शाळेच्या ग्रंथालयातल्या ‘वीरधवल’साठी आपण किती भांडायचो! ती कादंबरी लिहिणारे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, १८८२ साली मुंबईत जन्मले. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरीला होते. १९०५ मध्ये सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी भरपूर वाचलं, मग लेखणी धरली. रहस्यांनी भरलेली ‘वीरधवल’ आणि शिवकाळावरच्या स्वराज्याच्या कादंबऱ्या, सगळं त्या अपघातानंतरचं. १९२८ मध्ये, ४६व्या वर्षी ते गेले.

मीही आता शेहेचाळीसची. चाकणच्या संग्रामदुर्गावरची माझी कादंबरी वेळ नाही म्हणून सहा वर्षं अडली होती. गेल्या महिन्यात पुन्हा लिहायला बसले.