बडोद्याचे मल्हारराव आणि माफीचे साक्षीदार



खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा आपण लहानपणीच पाठ करतो. पण साक्ष ऐकणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. ती समजून घेण्यासाठी आज आपण बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्या जीवनाकडे पाहू या.

मल्हारराव काही सज्जन म्हणून प्रसिद्ध नव्हते. थोरले भाऊ खंडेराव महाराज यांच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून ते पादरा येथे कैदेत होते. १८७० साली खंडेराव वारले आणि मल्हारराव कैदेतून थेट गादीवर आले. त्यांच्या उधळपट्टीच्या व जुलमी कारभाराविषयी इतक्या तक्रारी झाल्या की १८७३ साली इंग्रज सरकारने चौकशी समिती नेमली. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याशी तर त्यांचे मुळीच पटत नव्हते. फेअर यांना बडोद्यातून हलवावे, असे पत्र त्यांनी २ नोव्हेंबर १८७४ रोजी व्हाइसरॉयना लिहिले.

पुढच्याच आठवड्यात, ९ नोव्हेंबरला, फेअर यांना पपनसाच्या सरबतात विष आढळले. संशय महाराजांवर गेला. जानेवारी १८७५ मध्ये त्यांना अटक झाली आणि फेब्रुवारीत सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन भारतीय: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव.

पुरावा कोणता होता? रेसिडेन्सीचा हवालदार रावजी म्हणाला की विष आपणच टाकले. त्याला माफीचे वचन मिळाले होते. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत कित्येक दिवस पहाऱ्यात होते. माफीचे वचन मिळाल्यावर तेही धन्याविरुद्ध बोलले. महाराजांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी उलटतपासणीत या साक्षींतील विसंगती दाखवून दिली. स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलणाऱ्याच्या शब्दाला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

शेवटी आयोगाचे दोन तट पडले. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी मानले, तिघा भारतीयांच्या मते आरोप सिद्ध झाला नव्हता. तरीही एप्रिल १८७५ मध्ये सरकारने त्यांना पदच्युत केले. कारण मात्र विषाचे नव्हे, गैरकारभाराचे दिले. त्यांना मद्रासला पाठवण्यात आले आणि तेथेच १८८२ साली त्यांचा अंत झाला. त्या सरबतामागे नक्की कोण होते, हे आजही निर्विवाद ठरलेले नाही.

वाईट कारभाराची शिक्षा वेगळी आणि न सिद्ध झालेल्या गुन्ह्याचा कलंक वेगळा. आपल्या नावड्यातही, सोसायटीत असो वा कामावर, ज्याचे नाव आधीच खराब आहे त्याच्याविषयी काहीही सांगितले तरी आपल्याला ते लगेच खरे वाटते. अशा वेळी आपण तीन प्रश्न विचारू या. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले का? सांगण्यात त्याचा काही लाभ आहे का? दुसऱ्या कोणाचा त्याला दुजोरा आहे का? उत्तर मिळेपर्यंत आपली जीभ आवरणे, हेही आठव्या आज्ञेचे पालनच आहे.